पंपघर, मीटरपेटी व वॉल्व्हचा खड्डा : सापांपासून सुरक्षितता



वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील अर्नाळा-आगाशी हा पट्टा केळी, नारळ, पानवेल, भाजीपाला आणि फुलझाडे यांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जमीन रेताड, विहिरी उथळ व बावखले जुनी. पाण्याची सोय असल्याने वाडीत बारमाही ओलावा व सावली असते. मोगऱ्याच्या कळ्या व भाजी सकाळी लवकर विरार स्टेशनवरून मुंबईच्या बाजारात जावयाची असल्याने येथील बागायतदारांचे काम उजाडण्यापूर्वीच सुरू होते. अंधार, ओलावा आणि घाई या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे सर्पदंशाचा धोका वाढतो.

मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, सर्पतज्ज्ञ नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. श्रावणात एका वाडीवर ठिबक संच पाहण्यासाठी गेलो होतो. वॉल्व्हचा खड्डा माडाच्या झावळीने झाकलेला होता. झावळी सरकवताच आतून हवा सुटल्यासारखा मोठा आवाज आला. एअर वॉल्व्ह गळतो आहे असे समजून मी खड्ड्यात हात घातला. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदारांनी माझे मनगट धरून मागे ओढले. बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा पाइपाच्या वळणाला वेटोळे घालून घोणस बसलेली होती. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार मी पाइपातील हवा समजलो होतो. चूक सापाची नव्हती, माझी होती. न पाहिलेल्या जागी मी हात घातला होता.

सापाविषयीचे लेख बहुधा शेताच्या बांधाविषयी किंवा गवत कापण्याविषयी असतात. परंतु ज्या जागी आपण रोज सवयीने हात घालतो, म्हणजे स्टार्टरची पेटी, वीज मीटर, नळाचा खड्डा, मोरी, गॅसच्या टाकीमागील कोपरा, त्या जागांचा विचार फारसा होत नाही. या लेखात त्याचीच माहिती दिली आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाची सरासरी सुमारे ५८ हजार येते. यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील असून बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. म्हणजे हा मुख्यत्वे शेतकरी व शेतमजूर कुटुंबांचा प्रश्न होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट केवळ दवाखान्यात साध्य होणार नाही. त्याची सुरुवात घरातून व वाडीतून करावी लागेल.

साप या जागी का येतो?

साप माणसाच्या मागावर येत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : भक्ष्य, लपण्यास जागा आणि सोसेल असे तापमान. सापाला स्वतःच्या शरीराचे तापमान आतून राखता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात तो ओल्या व थंड जागी, तर हिवाळ्यात उबदार जागी जातो. घराभोवतीच्या वीज-पाण्याच्या जोडण्यांत या तिन्ही गोष्टी मिळतात त्या अशा :

१) मीटरपेटी व स्टार्टरपेटी : जवळच्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली येतात व पालींमागे साप येतो. पेटीत अंधार व कोरडेपणा असतो.

२) वॉल्व्हचा व पाणीमीटरचा खड्डा : गळणाऱ्या सांध्यामुळे कायम ओल राहते. तेथे बेडूक जमतात.

३) अर्थिंगचा खड्डा : उन्हाळ्यात त्यात आपण पाणी ओततो. आजूबाजूची माती कोरडी असताना हा एकच ओला व गार खड्डा असतो.

४) मोरी व सांडपाण्याचा पाइप : खरकट्यामुळे उंदीर येतात. पाइपाचे बाहेरचे तोंड उघडे असल्यास उंदीर व साप दोघांनाही रस्ता मिळतो.

५) फ्रीजमागील जागा, इन्व्हर्टर व गॅसच्या टाकीमागील कोपरा : या जागा क्वचितच हलविल्या जातात. फ्रीजमागे ऊबही असते.

६) पंपघर : रिकामी पोती, नारळाची सोडणे, जुने पाइप व बियाणे एकाच खोलीत ठेवले जाते. उंदरांना यापेक्षा चांगली जागा नाही.

थोडक्यात, जेथे उंदीर, बेडूक व पाली यांना आपण आसरा देतो तेथे सापालाही आमंत्रण देतो.

ओळख कोणत्या सापांची हवी?

महाराष्ट्रात बहुतेक गंभीर दंश चार सापांचे असतात.

नाग : फणा काढतो, त्यामुळे ओळखण्यास सोपा. उंदीर व बेडकांच्या मागे घरात येतो. पिले पावसाळ्यात अंड्यांतून बाहेर पडतात व जन्मापासूनच विषारी असतात.

मण्यार : काळसर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीने. पाठीच्या कण्यावरील खवले मोठे व षटकोनी. दिवसा सुस्त, रात्री चपळ. दंशाच्या जागी वेदना व सूज फार कमी, कधी अजिबात नाही. म्हणूनच हा अधिक घातक ठरतो.

घोणस : जाड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके, त्रिकोणी डोके, मोठा फूत्कार. अजगराचे पिलू समजून ती हाताळण्याची चूक अनेकदा होते.

फुरसे : लहान, साधारण हात-दीड हात लांब. अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करते. दगडांच्या राशी व सैल रचलेले बांध ही त्याची आवडती जागा.

मीटरपेटीत व भिंतीच्या फटीत मात्र अनेकदा सापडतो तो कवड्या. तो बिनविषारी असून भिंतीवर सहज चढतो व पाली खातो. मण्यार समजून तो मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात व शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे मानेजवळ पुसट किंवा नसतात व शेपटीकडे ठळक होतात. परंतु हा फरक चित्रात पाहून शिकण्यासाठी आहे. अंधारात, चार पावलांवरून निवाडा करण्यासाठी नाही. शंका असेल तेथे साप विषारीच समजावा.

धामण व दिवड हे बिनविषारी साप वाडीत नेहमी दिसतात. धामण उंदरांचा मोठा फडशा पाडते. तिला मारणे म्हणजे आपल्याच पिकाच्या राखणदाराला मारणे होय.

जोडणीनिहाय करावयाची कामे

अ) मीटरपेटी व स्टार्टरपेटी

१) केबल जेथून आत जाते ते भोक केबलपेक्षा नेहमी मोठे असते. तेथे योग्य मापाचे केबल ग्लँड बसवावे किंवा भोवतालची फट एम-सीलने बुजवावी. कापूस, चिंध्या किंवा फोम कोंबू नये, उंदीर ते कुरतडतात.
२) पेटीचे दार पूर्ण लागेल असे ठेवावे. तुटलेली कडी तारेने बांधून वेळ मारून नेऊ नये.
३) पेटी छातीच्या उंचीवर व नजरेसमोर बसवावी. भिंतीवर चढलेला वेल, लगतच्या फांद्या व पेटीला टेकलेली लाकडे काढून टाकावीत.
४) दिवा पेटीच्या अगदी वर न लावता थोडा दूर लावावा, म्हणजे किडे व पाली पेटीपाशी जमणार नाहीत. मात्र उजेड पेटीवर पडला पाहिजे.
५) ही सर्व कामे वीजप्रवाह बंद करून व जाणकार वायरमनकडून करून घ्यावीत. वीज कंपनीच्या मीटरचे सील ग्राहकाने तोडू नये. पेटी फुटली असल्यास कंपनीच्या कार्यालयास लेखी कळवावे.

ब) वॉल्व्ह, पाणीमीटर व अर्थिंगचे खड्डे

१) झावळी, फरशीचा तुकडा किंवा पोते हे झाकण नव्हे. कडेला फट न ठेवणारे सिमेंटचे किंवा लोखंडी झाकण करावे व त्याला लांब कडी लावावी, म्हणजे आकडीच्या काठीने दुरून उचलता येईल.
२) खड्ड्याच्या भिंती विटांनी बांधून आतून गिलावा करावा. सैल दगड रचू नयेत.
३) गळणारा सांधा त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. गळती थांबली की बेडूक कमी होतात.
४) शक्य असल्यास वॉल्व्हचा दांडा जमिनीच्या वर घ्यावा. नवीन ठिबक संच बसविताना विक्रेत्याकडे हा आग्रह धरावा.

क) मोरी, संडास व सांडपाणी

१) मोरीच्या पाइपाच्या बाहेरच्या तोंडास पाव इंचापेक्षा मोठी छिद्रे नसलेली गंज न धरणारी जाळी बसवावी. जाळी काढून धुता येईल अशी असावी, नाहीतर ती तुंबेल व कोणीतरी ती कायमची काढून टाकील.
२) संडासाच्या गॅसपाइपावरही जाळी बसवावी. शोषखड्ड्याच्या झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात.
३) दाराच्या खालची फट रबरी पट्टीने बंद करावी. रात्री संडासात जाण्यापूर्वी दिवा लावून आधी कोपरे पाहावेत.

ड) घरातील जागा

गॅसची टाकी व फ्रीज आठवड्यातून एकदा हलवून मागील जागा झाडावी. नळीसाठी वा एसीच्या पाइपासाठी पाडलेली भोके सिमेंटने बुजवावीत. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून घ्यावी. मण्यारीचे बहुतेक दंश रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. मच्छरदाणी डासांबरोबर तिलाही रोखते.

इ) पाइप व जाळी

पीव्हीसी पाइप जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवावेत व दोन्ही तोंडांना टोपणे लावावीत. पाइप उचलण्यापूर्वी काठीने वाजवून एक बाजू उंच करावी. वाडीभोवती लावलेली नायलॉनची जुनी जाळी गुंडाळून टाकू नये. साप त्यात अडकतो, चिडलेला असतो, आणि तो सोडवताना किंवा जाळी उचलताना दंश होतो.

हात घालण्यापूर्वीचे चार नियम

वरील कामे एकदा करावयाची आहेत. पुढील चार गोष्टी मात्र रोजच्या सवयीच्या झाल्या पाहिजेत.

१) उजेड आधी : बॅटरी दाराशी खिळ्याला टांगलेली असावी. पहाटे कळ्या तोडणाऱ्यांनी डोक्याला बांधावयाची बॅटरी वापरावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.
२) काठी नंतर : पेटी किंवा झाकण कोरड्या लाकडी काठीने दोन-तीनदा वाजवावे व क्षणभर थांबावे. सापाला कंप जाणवतो व तो बहुधा सरकतो किंवा आवाज करतो. पेटीवर ओली काठी किंवा लोखंडी सळई वापरू नये.
३) बाजूला उभे राहावे : दार उघडताना समोर न राहता बिजागरीच्या बाजूस उभे राहावे.
४) हात शेवटी : आतील सर्व कोपरे दिसल्याशिवाय हात घालू नये. पायात गमबूट, निदान बंद बूट असावेत.

या चारही गोष्टींना एक मिनिटही लागत नाही. लोकल चुकेल म्हणून हा मिनिट वाचविणे महागात पडते.

पेटीत किंवा खड्ड्यात साप दिसल्यास

प्रथम दोन-तीन मीटर मागे सरावे. मुले व कुत्री दूर न्यावीत. एका व्यक्तीने दुरून लक्ष ठेवावे, कारण साप गेला कोठे हे माहीत नसणे हे साप दिसण्यापेक्षा वाईट. पाणी, रॉकेल किंवा फिनेल ओतू नये. विजेच्या पेटीत असे करणे म्हणजे विजेच्या धक्क्याला निमंत्रण देणे होय. मेन स्विच दुसऱ्या जागी असेल तर तो बंद करावा. मेन स्विचच्याच पेटीत साप असेल तर हात लावू नये, वायरमनला बोलावून प्रवाह बंद करून घ्यावा. वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे किंवा परिसरातील प्रशिक्षित सर्पमित्रास बोलवावे. सापांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे. शिवाय साप मारताना दंश होण्याचीच शक्यता वाढते.

दंश झाल्यास काय करावे?

१) रुग्णास धीर द्यावा व हालचाल थांबवावी. चालवत किंवा धावत नेऊ नये.
२) अंगठी, बांगड्या, कडे, घड्याळ लगेच काढावे. सूज आल्यावर ते रुततात.
३) हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधू नये, चिरू नये, चोखू नये, बर्फ किंवा पाला लावू नये.
४) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. उलटी होत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे.
५) दंशाची वेळ व लक्षणे केव्हा सुरू झाली हे लिहून ठेवावे. साप शोधण्यात वेळ घालवू नये. दुरून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी लक्षणांवरून डॉक्टर उपचार करू शकतात.

पहाटे पोटात दुखणे, उलटी, पापण्या जड होऊन मिटणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसल्यास अंगावर दंशाची खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्यावा. अपचन समजून ओवा देत बसू नये. विंचूदंशावरील कार्यामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाराष्ट्रातील मण्यार व नागाच्या दंशांचाही अभ्यास केलेला आहे. अशा रुग्णांत श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेले रुग्णालय वेळेवर गाठणे महत्त्वाचे ठरते. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडावरही परिणाम होतो.

प्रतिसर्पविष हेच विषावरील औषध असून आपल्याकडे मिळणारी लस वरील चारही सापांच्या विषांवर चालते. ती शिरेतून व रुग्णालयातच द्यावी लागते. लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा देतात, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही.

मांत्रिकाने रुग्ण बरा झाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसे विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण काही न करताही बरे झाले असते. ज्याला खरोखर विषबाधा झाली आहे, त्याचा मात्र मंत्रात गेलेला तास परत येत नाही.

रात्रीचा रस्ता आधी ठरवा

आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिसर्पविष चोवीस तास उपलब्ध असते व कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र कोठे आहे, याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने मे महिन्यात स्वतः करावी. रात्री कोणाचे वाहन मिळेल हे शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे. अर्नाळा किल्ल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना आधी होडीने किनाऱ्यावर यावे लागते. तेथे रात्री होडी कोण काढील व किनाऱ्यावर गाडी कोण उभी ठेवील, हे ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठरविणे इष्ट होईल. क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवावेतच, पण पंपघराच्या दारावर रंगानेही लिहावेत.

सर्पदंशाने मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी त्वरित संपर्क साधावा. अर्थात हे साहाय्य घेण्याची वेळ कोणावरही न येवो.

काही गैरसमज

लसूण, गंधक, फिनेल किंवा कार्बोलिक आम्ल टाकल्याने साप येत नाही, असा भरवसा धरू नये. बावखल किंवा विहिरीजवळ अशी रसायने टाकल्याने पाणी मात्र दूषित होते. साप डूख धरत नाही. एक मारल्यावर त्याच ठिकाणी दुसरा येतो, याचे कारण तेथील उंदीर व बेडूक कायम असतात. आपण जागा बदलली नाही तर पाहुणेही बदलत नाहीत.

मे महिन्यात करावयाची कामे

१) सर्व पेट्यांची भोके व फटी बुजविणे.
२) खड्ड्यांना झाकणे व पाइपांना टोपणे बसविणे.
३) मोरी व संडासाच्या जाळ्या तपासणे.
४) पंपघर रिकामे करून सोडणे, झावळ्या व लाकूडफाटा घरापासून व पंपघरापासून दूर रचणे.
५) धान्य व खरकटे बंद डब्यात ठेवून उंदरांचा बंदोबस्त करणे.
६) बॅटरी, काठी व गमबूट दाराशी ठेवणे.

ज्या वाडीत मला घोणस भेटली, तेथे आता वॉल्व्हच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण आहे व शेजारच्या माडाला एक आकडीची काठी टांगलेली असते. त्या दिवशी सर्पमित्रांनी घोणस नेली, कोणाला काही झाले नाही. बागायतदार मला एवढेच म्हणाले, "सर, पाणी पाच मिनिटं उशिरा सोडलं तर केळ मरत नाही." आपल्या पंपघराच्या दारावर लिहून ठेवावे असे हे वाक्य आहे.